भाजी धुवायचं ओझोन मशीन माशांच्या टाकीत सोडू का?

प्रश्न थोडक्यात असा. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात राहणाऱ्या एका ताईंकडे २०० लिटरची काचेची टाकी आहे, तिच्यात सहा गोल्डफिश. पाणी पिवळट पडतं, झाकण उघडलं की वास येतो, आणि दोन माशांच्या शेपटीवर कापसासारखं काहीतरी धरलं आहे. घरात भाज्या-फळं धुवायला आणलेलं ओझोनचं मशीन आहे, त्यावर ताशी ४०० मिलिग्रॅम असं छापलंय. त्याची नळी टाकीत सोडली तर पाणी स्वच्छ होईल का, जंतू मरतील का, ऑक्सिजन वाढेल का? शेवटी जाता जाता त्यांनी लिहिलंय की टाकी सासूबाईंच्या खोलीत आहे आणि सासूबाईंना दमा आहे. ही ओळ खरं तर पहिली यायला हवी होती.

ताई, नळी सोडू नका. आधी हे सांगून टाकतो, कारण बाकीचं वाचेपर्यंत कोणीतरी प्लग लावलेला असतो.

मी काही ओझोनच्या विरोधातला माणूस नाही. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, बाटलीबंद पाण्याच्या एका कारखान्यात बरीच वर्षं ओझोनची यंत्रं सांभाळली, आणि आता बडोद्यात लोकांच्या घरच्या टाक्या सांभाळतो. त्यातल्या तीन टाक्यांवर आजही ओझोन चालू आहे. म्हणूनच सांगतोय, तुमच्या हातात आहे ते मशीन या कामाचं नाही.

हिशेब करून बघू. गोड्या पाण्याच्या टाकीला मी १०० लिटरमागे ताशी ५ मिलिग्रॅमच्या वर जात नाही, आणि सुरुवात त्याच्या चौथाईने करतो. म्हणजे तुमच्या टाकीची कमाल मर्यादा ताशी १० मिलिग्रॅम. तुमचं मशीन ४०० देतं. चाळीसपट झालं. भाजीच्या पातेल्यात ते चालतं, कारण तिथे कोणी श्वास घेत नसतं.

आता तुम्ही म्हणाल, चाळीसपट आहे तर तासातून दीड मिनिटच लावते. गणित बरोबर आहे, पण माशाच्या कल्ल्यांना तासाची सरासरी कळत नाही. दीड मिनिटात मशीन १० मिलिग्रॅम ओझोन ओकतं. तो सगळा २०० लिटरमध्ये सारखा विरघळला असं धरलं तर लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम. ट्राउट माशांवरच्या प्रयोगांत लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमच्या आसपासचा ओझोन चार दिवसांत निम्मे मासे मारायला पुरला होता. गोल्डफिश ट्राउटपेक्षा चिवट, कबूल. सगळा ओझोन विरघळत नाही आणि बराचसा पाण्यातल्या घाणीवरच खर्च होतो, तेही कबूल. पण नळीच्या तोंडाशी बुडबुडे सुटतात तिथे आधी कोण धावतं? गोल्डफिशच. ओझोन तिथेच सगळ्यात तिखट असतो.

ओझोनचं घरात सांभाळायचं पथ्य एवढंच: ओझोनची आणि माशाची गाठ पडता कामा नये. ओझोनला भेटून, निवून आलेलं पाणी माशाकडे जावं. बाकीची सगळी नळ्या-डब्यांची जुळणी या एका गोष्टीसाठी असते.

वासाबद्दल थोडं. सयाजीगंजात युनिव्हर्सिटीजवळच्या जुन्या झेरॉक्सच्या दुकानांत शिरलं की नाकात एक तिखट, गार, जरा धातूसारखा वास यायचा, आठवतोय का? परीक्षेच्या दिवसांत तर फारच. तो ओझोनचा. त्या जुन्या मशिनांत जास्त दाबाच्या विजेची तार असायची, आणि तिच्याभोवतीच्या हवेतला ऑक्सिजन फुटून तीन-तीन अणूंच्या गटाने पुन्हा जुळायचा. बाझेलमध्ये शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने १८४० साली याच वासावरून त्याला नाव दिलं. ग्रीक भाषेत वास येणे या अर्थाच्या शब्दावरून. फ्रान्समधल्या नीस शहराचं पिण्याचं पाणी १९०६ पासून ओझोनने शुद्ध होऊ लागलं. म्हणजे तंत्र नवं नाही, फक्त ते शहराच्या जलशुद्धीकरणाचं आहे. घरच्या टाकीत आणताना ते फार बारीक करून आणावं लागतं.

तिसरा अणू सैल असतो, तो जो भेटेल त्याला चिकटतो. पाण्याला पिवळा रंग देणारे विरघळलेले पदार्थ, वास देणारे पदार्थ, जिवाणूंची भिंत, माशाचा कल्ला. त्याला आपलं-परकं कळत नाही. पहिल्या दोन गोष्टींवर तो खरोखर अप्रतिम काम करतो. ज्या टाकीचं पाणी वर्षभर चहाच्या पहिल्या धुवणासारखं होतं ती चार-पाच दिवसांत अशी होते की मासे हवेत लटकल्यासारखे दिसतात. मी अजूनही दर वेळी बघत उभा राहतो.

पण तो काय करत नाही, तेही ऐका.

ऑक्सिजन वाढवत नाही. हा गैरसमज दुकानदारांनी फार पसरवलाय. ओझोन मोडला की ऑक्सिजन होतो हे खरंच, पण किती? ताशी १० मिलिग्रॅम ओझोनातून फार तर तेवढाच ऑक्सिजन निघणार. २०० लिटरमध्ये वाटला तर लिटरमागे तासाला ०.०५ मिलिग्रॅम. आपल्याकडे मे महिन्यात टाकीचं पाणी ३० अंशांवर जातं तेव्हा त्यात लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो; त्याच्यापुढे हे म्हणजे जेवणाच्या ताटात शिताएवढं. ऑक्सिजन हवा असेल तर साधा एअर पंप लावा, पाण्याचा पृष्ठभाग हलता ठेवा.

अंगावरचा रोग बरा करत नाही. शेपटीवरचा कापूस, पांढरे ठिपके, हे माशाच्या अंगावर किंवा कातडीत असतात. ओझोन फक्त त्याच पाण्यातलं मारतो जे ओझोनच्या डब्यातून जातं, आणि तेही पुरेशी मात्रा आणि पुरेसा वेळ मिळाला तर. घरच्या सुरक्षित मात्रेत तेवढं मारणं होत नाही. पाण्यातला एकूण भार थोडा हलका होतो, इतकंच. आणि औषध टाकलेल्या टाकीवर ओझोन चालू ठेवला तर तो बऱ्याच औषधांनाच आधी खातो.

अमोनियाही त्याला गोड्या पाण्यात फारसा जुमानत नाही. नायट्राइटचं मात्र तो झटकन नायट्रेट करतो. ऐकायला छान वाटतं, पण यात एक खोच आहे. तुमच्या फिल्टरच्या स्पंजमध्ये नायट्राइट खाणारे जिवाणू वस्तीला असतात. त्यांचं अन्न ओझोन परस्पर पळवतो, म्हणून ती वस्ती रोडावते. मग कधी मशीन बिघडलं की दोन दिवसांत नायट्राइट चढतं, आणि ते खायला कोणी उरलेलं नसतं. माशाचं रक्त तपकिरी पडतं, पाण्यात ऑक्सिजन भरपूर असूनही मासा गुदमरतो. म्हणून ज्या टाकीचा फिल्टर आधीच लंगडा आहे तिथे मी ओझोन लावतच नाही. आधी फिल्टर चालता होऊ दे.

मग लावायचा कोणी? खाऱ्या पाण्याची प्रवाळांची टाकी असेल, डिस्कस माशांची गर्दीची टाकी असेल, अंगणात कोई माशांचं मोठं कुंड असेल आणि बाकीचं सगळं रीतसर चाललेलं असेल, तर पाण्याला शेवटचा हात फिरवायला. झाडांच्या टाकीत नको. झाडांसाठी टाकलेलं लोह तो निकामी करून टाकतो.

मांडणी अशी असते. सगळ्यात आधी एअर पंप. त्याच्यापुढे हवा सुकवायची नळकांडी, सिलिका जेलने भरलेली. मग ओझोनायझर, आणि तो टाकीच्या पाण्याच्या पातळीच्या वर भिंतीला टांगलेला. पुढे एकदिशा झडप. मग प्रतिक्रियेचा बंद डबा, ज्यात वरून टाकीचं पाणी धारेने पडतं आणि खालून ओझोनची हवा चढते. आत प्लास्टिकचे गोळे भरलेले, म्हणजे दोघांची भेट जरा लांबते. खाऱ्या पाण्यात हेच काम प्रोटीन स्किमर, म्हणजे फेसाबरोबर घाण वर काढणारं यंत्र, करतो, पण गोड्या पाण्यात तसा फेस धरत नाही म्हणून वेगळा डबा लागतो. डब्यातून निघालेलं पाणी सक्रिय कोळशाच्या (ॲक्टिव्हेटेड कार्बनच्या) थरातून टाकीत, आणि डब्याच्या वरून निघालेली हवाही कोळशातूनच खोलीत. दोन्हीकडे कोळसा. लोक पाण्याकडचा लावतात आणि हवेकडचा विसरतात.

पंप ओझोनायझरच्या आधीच हवा, कारण पंपातला रबराचा पडदा ओझोनपुढे महिनाभरही टिकत नाही. नळी सिलिकॉनची घ्या. एकदा एका गृहस्थांकडे मी नेहमीची काळी रबरी नळी पाहिली, बोटाने नुसती वाकवली तर बिस्किटासारखी मोडली. आणि झडप नसली तर वीज गेल्यावर टाकीचं पाणी नळीतून मागे ओढलं जातं आणि थेट त्या जास्त दाबाच्या मशिनात. पावसाळ्यात फीडर किती वेळा जातो हे आपल्याला सांगायला नको.

आता सिलिका जेलची गोष्ट, कारण इथे मी स्वतः माती खाल्ली आहे.

ओझोनायझरमध्ये ओली हवा गेली तर ओझोन कमी निघतो, आणि हवेतला नायट्रोजन ओलाव्याबरोबर नायट्रिक आम्ल बनवतो. ते आत चिकट होऊन बसतं. कोरड्या हवेत जो आकडा मशिनावर छापलाय तो श्रावणात मिळत नाही. अलकापुरीत एका डॉक्टरांची ४०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी माझ्याकडे होती. तिथे ओआरपी, म्हणजे पाण्याची ऑक्सिडेशनची क्षमता मिलिव्होल्टमध्ये मोजतात ती, ३७० च्या आसपास स्थिर असायची. जुलैमध्ये ती ३२० वर उतरली. मी म्हटलं, मासे जास्त खातायत, आणि मशीनचा नॉब ३० वरून ५० वर नेला. पुढच्या आठवड्यात पुन्हा उतरली, नॉब ७० वर. हवेत भेज, म्हणजे ओलावा आहे, असं डॉक्टरांचा गुजराती ड्रायव्हरसुद्धा रोज म्हणत होता, पण माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. आठ-दहा दिवसांनी नळकांडीकडे लक्ष गेलं तर निळं जेल साफ गुलाबी, म्हणजे ओलाव्याने भरून गेलेलं. लाज वाटली. लगेच नवं, कोरडं जेल भरलं, झाकण आवळलं आणि निघून आलो.

नॉब ७० वरच राहिला.

कोरडी हवा मिळाल्याबरोबर मशीन पूर्ण ताकदीने चालू झालं. रात्री साडेअकराला फोन. मी पोहोचलो तेव्हा मीटर ४७० दाखवत होता, पिवळा टँग मासा तळाशी आडवा, क्लाउन मासे पृष्ठभागाशी तोंड उघडून. मशीन बंद केलं, पण खाऱ्या पाण्यात तेवढ्याने भागत नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे ६५ मिलिग्रॅमच्या आसपास ब्रोमाइड असतं. ओझोन त्याच्यापासून ब्रोमिनची तिखट संयुगं तयार करतो आणि ओझोन संपला तरी ती मागे राहतात. दोन किलो कोळसा पिशव्यांत भरून पंपासमोर लावला, हवा वाढवली, पाणी बदललं. क्लाउन वाचले. टँग गेला. डॉक्टर काही बोलले नाहीत, चहा दिला.

तेव्हापासून दोन गोष्टी ठरवून टाकल्या. ओआरपी उतरली तर नॉबला हात लावायच्या आधी जेल बघायचं, मग मीटरची कांडी साफ करायची, आणि तरीही उतरलेली असेल तरच नॉब. आणि नुसता मीटर नाही, कंट्रोलर. खाऱ्या पाण्यात ४०० ला, गोड्या पाण्यात ३५० ला मशीन आपोआप बंद पडलं पाहिजे. नवी कांडी पहिले एक-दोन दिवस काहीही सांगते, तिच्यावर विसंबू नका. गुलाबी जेल ओव्हनमध्ये १२० अंशांवर तापवलं की पुन्हा निळं होतं, मात्र स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नको; निळ्या जेलमध्ये कोबाल्ट असतं. मी त्यासाठी एक जुना ओटीजी वेगळा ठेवलाय, पावसाळ्यात दर चार दिवसांनी तो चालतो.

कोळशातून बाहेर येणाऱ्या पाण्याची परीक्षाही करावी. पोहण्याच्या तलावाचं क्लोरिन तपासतात ते डीपीडी किट चालतं. पाण्यात गोळी टाकल्यावर गुलाबी छटा आली, तर कोळसा संपलाय किंवा मात्रा जास्त आहे.

आणि कोविडच्या वेळचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घरात पडून असला तर कृपा करून तो ओझोनायझरला जोडू नका. एकाने मला मोठ्या कौतुकाने विचारलं होतं. शुद्ध ऑक्सिजनने ओझोन दुपटीच्या घरात जातो, आणि पुढे हवेच्या वाटेवर कोळसा आहे. ऑक्सिजन, ओझोन आणि कोळसा ही आगीचीच सामग्री.

आता सासूबाई. कामाच्या जागी आठ तासांसाठी हवेतल्या ओझोनची मर्यादा दशलक्ष भागांत ०.१ भाग धरतात. नाकाला त्याच्याही आधी वास येतो, पण थोड्या वेळाने नाक सरावतं आणि वास गेला असं वाटतं. गेलेला नसतो. हा वायू बंद खोलीत साठत जातो. आणि वाड्यातल्या माडीखालच्या खोल्या तुम्हाला माहीत आहेत, एक खिडकी, तीही थंडीत बंद. दम्याच्या माणसाच्या खोलीत उघडा बुडबुडणारा ओझोन म्हणजे आजार विकत आणणं. घरात पिंजऱ्यात पोपट किंवा लव्हबर्ड असतील तर त्यांना आपल्याही आधी त्रास होतो. मी ज्या तीन टाक्यांवर ओझोन चालवतो त्यातली एकही झोपायच्या खोलीत नाही.

तुमच्या टाकीचं मूळ दुखणं मला वेगळंच दिसतंय. २०० लिटरमध्ये सहा गोल्डफिश ही दाटी आहे, आणि गोल्डफिश खातो तेवढंच घाण करतो. म्हणून या आठवड्यात एवढं करा. नळाचं पाणी बादलीत घेऊन त्यात हायपोचे खडे टाका, म्हणजे महापालिकेचं क्लोरिन जाईल, आणि रोज २० लिटर असं पाच दिवस बदला. एकदम निम्मं नको. तळाची घाण नळीने ओढून काढा. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, टाकीतूनच काढलेल्या पाण्यात दोनदा पिळा. दाणा दोन मिनिटांत संपेल इतकाच, दिवसातून एकदा. घरात लहान मुलं असतील तर दाण्याचा डबा उंच ठेवा. बहुतेक टाक्यांत दिवसाला तीन-चार हात दाणे पडत असतात आणि कोणी कबूल होत नाही. टाकीत लाकडाचं खोड असेल तर पिवळेपणा त्याचाही असतो. मग २०० ग्रॅम सक्रिय कोळसा धुऊन, जुन्या नायलॉनच्या मोज्यात बांधून फिल्टरच्या वाटेत ठेवा, आणि महिन्याने बदला. पिवळेपणा आणि वास यांवर तुमच्या टाकीत जे काम ओझोन करेल त्यातलं बरंचसं हा कोळसा करतो, आणि त्याने कोणाचा दमा उठत नाही.

शेपटीला कापूस धरलेले दोन मासे वेगळ्या टबात काढा, हवा लावा, १० लिटरला २० ग्रॅम जाडं मीठ, आयोडिनचं नव्हे, आधी विरघळवून थोडं थोडं टाका. आणि अमोनिया-नायट्राइटचं किट आणून मोठ्या टाकीचे आकडे घ्या. अमोनिया दिसला तर दुखणं तिथेच आहे.

पाणी खरंच किती पिवळं आहे हे टाकीकडे बघून कळत नाही, मागचा निळा कागद फसवतो. पांढरी चिनी मातीची बशी टाकीच्या एका टोकाला पाण्यात उभी धरा आणि दुसऱ्या टोकाच्या काचेतून, टाकीच्या पूर्ण लांबीतून बघा. बशी मलईसारखी दिसली तर ठीक, चहासारखी दिसली तर कोळसा संपलाय. आज एक फोटो काढून ठेवा, तीन आठवड्यांनी त्याच जागेवरून, त्याच दिव्यात दुसरा काढा, आणि दोन्ही मला पाठवा, सोबत किटचे आकडे. आणि ते भाजीचं मशीनही खिडकी उघडी ठेवूनच वापरत चला, स्वयंपाकघराचं दार सासूबाईंच्या खोलीत उघडत असेल तर तेवढा वेळ ते लोटून घ्या.